ताईंचं वजन

"वजन वाढलं गं बाई!" तराजूतलं लेकरू एवढंसं जड भरलं तरी ताई टाळी वाजवायच्या. डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या अंगणवाडीच्या त्या ताई, मी मदतनीस. नव्वद सालानंतरची गोष्ट. ताईंना अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई त्या स्वतःच टोचून घ्यायच्या, भाजी चिरावी इतक्या सहज.

एकदा एका घरी साखर एकदम उतरून त्या चक्कर येऊन पडल्या. तेव्हापासून ताई दारात दिसल्या की बाया गुळाचा खडा घेऊन पुढं! "नको हो," म्हटलं की, "व्हय, अन् पडल्या म्हंजे?" ताईंनाही धास्ती. दहा घरं, दहा खडे. मग साखर चढायची, इन्सुलिन वाढायचं आणि अंगही. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे अंग भरलं की माणूस सुखी. "आता कशा छान दिसता!" असं मीच म्हणायची. अक्कल चरायला गेली होती माझी.

नांदेडच्या डॉक्टरांनी झापलं. हा आजार लहानपणापासून असला की हृदयाला आधीच धोका, त्यात वजन आणि बीपी वाढलेलं. ताईंची पोरगी तेव्हा तीन वर्षांची. "हिला कोण बघंल, मावशी?" म्हणून माझ्यापाशी रडल्या. आणि काय केलं असेल? वजन उतरावं म्हणून गुपचूप सुई निम्मी केली! उतरलंही. पण आठवड्यात ओकाऱ्या, धाप. जीपमध्ये घालून नांदेड गाठलं. वाचल्या.

डॉक्टर म्हणाले, "सुई किती घ्यायची ते मी सांगीन. चक्कर वाटली तर गूळ हवाच, उगाच नको. आणि रोज चाला."

मग मी घरोघर फिरले. "मागितल्याबिगर ताईला गूळ द्यायचा न्हाई!"

एक म्हातारी फुगली. "दारातून रिकामं काहून पाठवू?"

"ताक द्या. मीठ घालू नका."

ताई रोज शेताकडच्या पांदीनं चालू लागल्या. दोन वर्षं लागली, पण वजन उतरलं, बीपी ठिकाणावर आलं. पुढं त्या सुपरवायझर झाल्या आणि गाव सुटलं. मला मेलीला कितीतरी दिवस करमलं नाही.

मागे वारंगा फाट्यावर भेटल्या. पोरगी दहावीला. "हृदय ठीक आहे म्हणले डॉक्टर," ताईंनी सांगितलं. ऑटोवाला आडवा आला, त्याला नको म्हणून पायीच निघाल्या. मागून पोरगी धापा टाकत ओरडली, "आई, जरा हळू चाल ना!"

ताई थांबल्या नाहीत. मी लांबूनच हात जोडले. चाला ताई, चाला.