किल्लेदारांची दुपारी दोनची नोंद

अमेरिकेत पाऊलही न टाकता अमेरिकेच्या सैन्यात अकरा वर्षं नोकरी केलेला जगातला एकमेव माणूस मी पाहिलेला आहे, आणि ती नोकरी त्याने दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या मागच्या डोंगरात, एका सिमेंट फॅक्टरीच्या चुनखडीच्या खाणीवर बसून केली. कागदोपत्री ते खाणीच्या कॅम्पचे स्टोअरकीपर आणि इनचार्ज होते. कॅम्प म्हणजे बारा पोर्टाकॅबिन, एक मेस, एक पाण्याची टाकी आणि चाळीसेक माणसं: पठाण डंपरवाले, मल्याळी मेकॅनिक, एक हैदराबादी आचारी, आणि दगडाचे नमुने तपासायला तिथे येऊन पडलेला मी. सगळे त्यांना किल्लेदार म्हणत. हे नाव आपल्याला आवडत नाही असं ते सांगत, पण हाक कानावर आली की छाती जराशी पुढे यायची.

या छातीचीच खरी गोष्ट होती. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. किल्लेदारांची छाती मात्र भरतीच्या टेपाला अर्धा इंच कमी भरली. दुसऱ्या वर्षी ते डझनभर केळी खाऊन गेले, तेव्हा टेप धरणाऱ्या हवालदाराने सांगितलं, की बाबा, केळ्याने वजन वाढतं, छाती नाही. मग गावात तोंड दाखवायला नको म्हणून ते मुंबईला आले आणि मुंबईहून इकडे. कॅम्पवर आले त्याच आठवड्यात त्यांना स्टोअरमध्ये पुस्तकांचं एक खोकं सापडलं. सुरुंगाच्या कामावर आलेला कुणी अमेरिकन इंजिनियर ते मागे टाकून गेला होता. किल्लेदारांनी आधी त्यातली पुस्तकं चलनं उडू नयेत म्हणून वजन म्हणून वापरली. मग एकदा वाळूच्या वादळात तीन दिवस काम बंद पडलं, तेव्हा वरचं पुस्तक उघडलं. ते निघालं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या सरहद्दीवरच्या छोट्या लष्करी ठाण्यांबद्दल. इंग्रजी-मराठी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्यांनी ते खोकं चार वर्षांत वाचून काढलं. दहावीला इंग्रजीत गेलेला माणूस.

नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: आपल्याकडे एवढे किल्ले असताना हे अमेरिकेचं काय काढलंय? मीही विचारला होता. किल्लेदार म्हणाले, "हे बघ बी.एस्सी., आपल्या किल्ल्यांवर लढाया झाल्या. ह्या ठाण्यांवर काय झालं? काहीच नाही. सिनेमात दाखवतात तसा लाकडी कोटसुद्धा बहुतेक ठिकाणी नव्हता. चार मातीच्या बराकी, मधे पटांगण, भोवती शंभर मैल रिकामं रान. वर्षानुवर्षं शत्रू फिरकत नव्हता. पाणी भरा, लाकडं तोडा, घोड्याची लीद काढा, हजेरी द्या. काहीच घडत नसताना माणूस कसा राहिला, ते मला बघायचंय." एवढं बोलून ते बाहेरच्या उघड्याबोडक्या डोंगराकडे बघत राहिले. मला बी.एस्सी. म्हणणारे ते पहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील सांगलीला मार्केट यार्डात हळदीची पोती उचलत, आणि माझं पदवीचं सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून देवांच्या शेजारी लावलं होतं. त्यामुळे ती हाक मला गोड वाटायची. किल्लेदार ती थट्टेने मारत की मानाने, ते मी कधी विचारलं नाही.

पुस्तकात जे असेल ते कॅम्पवर येई. सकाळी सातला हजेरी. सूर्य डोंगराआड गेला की कंपनीचा झेंडा उतरवून घडी घालायचे. त्या ठाण्यांवर भाजी न मिळाल्याने शिपायांच्या हिरड्या सडत आणि म्हणून प्रत्येक ठाण्याची भाजीची बाग असे, हे वाचल्यावर त्यांनी सगळ्या कॅबिनच्या एसीतून ठिबकणारं पाणी पाइपांनी एका जागी आणलं आणि त्यावर मेथी, मुळा, कांद्याची पात लावली. दर शनिवारी हजेरीला हिरड्या तपासत. सहा फुटी पठाण ओठ वर करून उभे आहेत आणि पाच फुटी किल्लेदार टाचा उंचावून बॅटरी मारून बघताहेत, हे दृश्य बघितल्यावर मला पहिल्या महिन्यात आलेलं रडू थांबलं. बुधवारी मेसमध्ये घेवडा. कारण शिपायांना घेवडा असे. आचारी कपाळावर हात मारायचा. वॉशिंग मशीन बिघडलं तेव्हा किल्लेदारांनी ऑफिसला लिहिलं, की अमेरिकेच्या सैन्यात दर कंपनीमागे चार धोबिणी मंजूर होत्या, आम्हाला एक मशीन आहे तेही बंद. ऑफिसने उत्तर दिलं नाही, मशीन मात्र पाठवलं.

एकदा हजेरी संपल्यावर डंपरवाल्या खानसाहेबांनी विचारलं, "किल्लेदार साब, वो ज़मीन था किस का?"

किल्लेदारांनी दोन दिवस खोक्यातली पुस्तकं पुन्हा चाळली. तिसऱ्या दिवशी हजेरीलाच म्हणाले, "खानसाब, वो ज़मीन उन का नहीं था. जिन का था, उन को हटाया."

"फिर वो सिपाही लोग उधर क्यों बैठा था?"

"नोकरी."

खानसाहेबांनी मान हलवली. नंतर त्यांनी किल्लेदारांना कधी काही अवघड विचारलं नाही.

पण त्यांचा खरा जीव होता दोन कागदांत. एक म्हणजे हवामानाचं रजिस्टर. त्या ठाण्यांवरचा डॉक्टर रोज ठरल्या वेळी तापमान लिहून ठेवी, म्हणून हेही सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊला मेसच्या भिंतीवरचं थर्मामीटर बघून आकडा लिहीत, शेजारी शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: "वारा. धूळ." दाढ ठणकत होती तेव्हा सातची नोंद करून निघाले आणि दाढ उपटून तोंडात बोळा धरून दोनच्या आत परत आले. सुट्टीवर गावी जाताना मेकॅनिकला थर्मामीटरचा लेखी चार्ज देत, त्यावर त्याची सही घेत. दुबईला या म्हटलं तर म्हणत, "दोनची नोंद कोण करणार?" दुसरा कागद म्हणजे महिनाअखेरचा ठाण्याचा अहवाल. ऑफिसला फक्त हजेरीचा आकडा हवा असे. किल्लेदार हाताने आखलेला तक्ता पाठवत: हजर किती, आजारी किती, रजेवर किती, आणि शेवटचा रकाना, फरारी. त्या सैन्यात पळून जाणारे शिपाई फार असत, म्हणून तो रकाना. आमच्याकडे तो सात वर्षं कोरा होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तो भरला माझ्या नावाने.

झालं असं. मे महिना संपत होता. गुरुवारी पगार झाला. माझा कॉलेजचा एक मित्र दुबईत ऊद मेथाला राहायचा, तो सुट्टीवर सांगलीला निघाला होता. घरच्यांसाठी घेतलेली ब्लँकेटं, खजूर, वडिलांना बूट असं सगळं माझ्या एकुलत्या एका सुटकेसमध्ये भरून ती मी शुक्रवारी त्याच्याकडे पोहोचवायला गेलो. वहिनींनी पुरणपोळी केली होती. मी जेवलो आणि जो आडवा झालो तो संध्याकाळीच उठलो. तेव्हा शेअर टॅक्सी पाच माणसं भरल्याशिवाय हलत नसे, आणि त्या संध्याकाळी रास अल खैमाला जाणारे आम्ही तिघेच जमलो. शेवटी मित्राकडे परतलो आणि शनिवारी सकाळी अकराला कॅम्पवर उतरलो.

किल्लेदार मेथीच्या वाफ्यापाशी बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"तू परत कसा आलास?"

"टॅक्सी भरली नाही, काका."

"आणि पेटी?"

पेटीचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. शनिवारी महिन्याचा शेवटचा दिवस. सातच्या हजेरीला मी नव्हतो. कॅबिनमध्ये बघितलं तर पलंगाखाली सुटकेस नव्हती. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं: पगाराच्या पाठोपाठ माणूस आणि त्याची पेटी दोन्ही दिसेनाशी झाली, की तो रजेविना गैरहजर नव्हे, तो फरारी. शिवाय जबल अलीला बरी नोकरी मिळाली तर बघतो, असं मीच दहादा बोलून दाखवलं होतं. त्यांनी तासभर वाट पाहिली होती, मग शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहून अहवाल आठच्या पिकअपने पाठवून दिला होता.

त्यांनी ऑफिसला फोन लावला. एरवी तो तक्ता कुणी वाचत नसे. पण आठवड्यापूर्वी एक नवा पर्सोनेल ऑफिसर आला होता आणि नव्या माणसाप्रमाणे तो सगळं वाचत होता. त्याने फरारी हा शब्द वाचला, फाइलमधून माझे कागद काढले आणि अहवालासकट मंदूबकडे, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाकडे दिले. मंदूब इमिग्रेशनच्या ऑफिसला निघूनही गेला होता. तिथे एकदा फरार म्हणून नोंद झाली, की व्हिसा रद्द, घरी रवानगी आणि परत या देशात पाय ठेवायला बंदी. मला एवढंच दिसत होतं, की वडील यार्डातून घरी आलेत, नवे बूट दारात आहेत आणि बुटांच्या पाठोपाठ मी.

"काउंटर दीडला बंद होतं," किल्लेदार म्हणाले. साडेअकरा वाजले होते. त्यांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे एकदा बघितलं, टोपी घातली आणि खानसाहेबांना म्हणाले, "यल्ला, चलो."

किल्लेदारांना पुढे बसवून, मला पिकअपच्या मागे टाकून खानसाहेबांनी त्या दिवशी जी गाडी हाणली, ती डंपरवालाच हाणू जाणे. मंदूब इमिग्रेशनच्या शेजारच्या कॅफेटेरियात चहा पीत बसला होता. काउंटरवरचा माणूस नमाजाला गेला होता, कागद अजून टेबलावर चहाच्या कपाखालीच होते. मी म्हटलं, सुटलो. पण मंदूब कागद देईना. "हबीबी, कंपनी बोलता है आदमी भाग गया. तुम बोलता है आदमी इधर है. मेरे को कागज पे चाहिए. गलती किस का?"

किल्लेदारांनी खिशातून पेन काढलं. अहवालाच्याच पाठीवर, डिक्शनरी नसताना, उभ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं, की माणूस हजर आहे, चूक ठाण्याच्या अधिकाऱ्याची आहे. खाली सही, हुद्दा, तारीख. चूक कबूल केल्यावर आपली नोकरी राहील का, हे त्यांना माहीत नव्हतं. मंदूबने कागद वाचला, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि मग माझे कागद कपाखालून काढून मला दिले. "खलास. आदमी ले जाओ."

चार वाजता कॅम्पवर उतरल्यावर मला एकदम आठवलं. "काका, दोनची नोंद?"

"झाली. मेकॅनिकला सांगून गेलो होतो," ते म्हणाले आणि बागेला पाणी घालायला गेले. ऑफिसकडून त्यांना एक मेमो आला, तो त्यांनी फाइलला लावला. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात शेवटचा रकाना नव्हता.

मी पुढे दुबईला गेलो. दोन हजार एकच्या आसपास फॅक्टरीपासून खाणीपर्यंत डांबरी रस्ता झाला. रस्ता बघायला मी मुद्दाम गेलो होतो, तेव्हा किल्लेदार त्यावर बूट आपटून म्हणाले, "संपलं, बी.एस्सी. तिकडंबी रेल्वे आली की ठाणं बंद व्हायचं." तसंच झालं. माणसं फॅक्टरीच्या कॉलनीत राहायला गेली, पोर्टाकॅबिन उचलल्या गेल्या. किल्लेदारांनी शेवटचा झेंडा उतरवून घडी घातली आणि गावी परत गेले. अकरा रजिस्टरं माझ्याकडे ठेवून गेले. विमानात वजन होतं म्हणाले.

ती रजिस्टरं माझ्याबरोबर प्रत्येक घरी फिरली. आता डिस्कव्हरी गार्डन्सच्या फ्लॅटमध्ये कपाट आवरताना मुलीने एक रजिस्टर उघडलं आणि जमिनीवर बसून पानं उलटत राहिली. "Baba, who was this guy? He never missed a day." मी म्हटलं, नाहीच चुकवायचा. थोड्या वेळाने म्हणाली, "Wait. There's one blank." मी चष्मा लावून बघितलं. मे महिन्याची शेवटची तारीख. सातची नोंद होती, नऊची होती. दोनचा रकाना कोरा, आणि शेजारी शेरा: "चार्ज न देता ठाणे सोडले. माणूस परत आणला."

"You can just put something in," मुलगी म्हणाली. "Like, forty-one?" मी तिच्या हातातून रजिस्टर घेऊन जागेवर ठेवलं.

हे मी त्यांना बोललो नाही. दर शुक्रवारी दुपारी फोन करतो, तेव्हा ते प्रकृती, पोरं, पगार काहीही विचारायच्या आधी विचारतात, "किती आहे?" मी फोन कानाला धरून बाल्कनीत जातो, तिथे लावलेलं थर्मामीटर बघतो आणि आकडा सांगतो. पलीकडून ते म्हणतात, "थांब, लिहून घेतो."

मी थांबतो.