ही खिडकी बुडवायची नाही

चौतीस वर्षं बँकेत कॅशियर म्हणून काढून मामा निवृत्त झाले आणि घरच्यांच्या नाकी नऊ आणू लागले. घरात कुणाला बाजारहाटाला पैसे दिले, तरी आधी सही घ्यायचे. शेवटी नाटकं बसवणाऱ्या भाचीने त्यांना आपल्याच नाटकात अडकवून टाकलं.

नाटक एका बँकवाल्या घराण्याचं होतं. आजोबांनी बँक उभी केली, मुलाने वाढवली, आणि आता उधळ्या नातू सगळी रोकड उचलून बँक बुडवणार. मामांचं काम एवढंच, की कॅशियर म्हणून खिडकीमागे बसायचं आणि नातवाने चेक पुढे केला की मुकाट्याने नोटांची बॅग द्यायची.

तालमीत चेक नव्हताच, नुसता हात पुढे करून भागायचं. पहिल्या प्रयोगाला मात्र नातवाने खराखुरा कागद सरकवला. मामांनी चष्मा पुसला, कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"मागे सही नाही."

"अहो, मी मालकांचा नातू!"

"मग तर दोन करा."

प्रेक्षक खो खो हसले. नातवाने बॅगेला हात घातला, तशी मामांनी ती छातीशी घट्ट धरली. विंगेत भाची दातओठ खात होती. "मामा, देऊन टाका ना! बँक बुडायचीय अजून!"

मामांनी खिडकी खाडकन लावून घेतली.

"बुडवायची असेल तर आत मोठ्या साहेबांना भेटा. ते काम या खिडकीवर होत नाही."