भाड्याचा नारळ

माझ्या डोक्यावर त्यांनी थर्माकोलची पापलेटं ठेवली. प्लॅस्टिकच्या टोपलीत चिकटवलेली. सोबत एक खेकडा, लालभडक, म्हणजे शिजवलेलाच.

"आजी, जरा ठसक्यात उभ्या राहा ना," पाहुण्या बाई म्हणाल्या. "कोळणी कशा भांडतात, तसं एकदा भांडून दाखवा. मजा येईल."

सगळे हसले. आमच्या वृद्धाश्रमातली म्हातारी माणसंही हसली. मीसुद्धा हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

मी दातिवऱ्याची. जन्म तिथला, लग्नही तिथलंच. नवरा बोटीवर जायचा, मी मासळी घेऊन पालघर-बोईसरला विकायला. नवऱ्याला दर्यानं नाही नेलं, खोकल्यानं नेलं. बोट विकली. मुलगा बोईसरला कारखान्यात लागला, तिथंच एका खोलीत संसार थाटला. पुढे मी धक्क्यावर घसरले, कंबर मोडली. त्या खोलीत माझी खाट मावेना. मग उमरोळीजवळच्या या आश्रमात आले. मुलाला दोष देऊन माझी कंबर काही सरळ होणार नाही.

आले त्याच दिवशी माझी लुगडी काढून घेतली.

"इथं सगळ्या गाऊन घालतात," मॅनेजर बाई म्हणाल्या. "लुगड्यात पाय उघडे पडतात, बरं दिसत नाही. आणि वास येतो."

धुवून, उन्हात वाळवून आणलेली लुगडी. पण मासळीवालीच्या लुगड्याला वास आधीच ठरलेला असतो, नाकाचा संबंधच नाही. माझी ट्रंक सामानाच्या खोलीत कुलपात गेली आणि मला फुलाफुलांचा एक झगा मिळाला. त्या रात्री आरशात कुणी परकी बाई बघावी तसं स्वतःकडे बघितलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर नानी. केळवे-माहीमकडची, पानवेलीच्या वाडीतली. तिच्या अंगणात मी वर्षानुवर्षं टोपली उतरवलेली. तिची सासू भाव पाडायची आणि नानी मागच्या दारानं मला चहा द्यायची. आश्रमात भेटलो तेव्हा तिनं ओळख दाखवली नाही. इथं मासळी चालत नाही, मासळीवालीची ओळख तरी कशी चालेल? दुपारी सगळ्या झोपल्या की मात्र तोंड माझ्याकडे करून कुजबुजायची, "का गो, तुझ्या त्या ओल्या बोंबलाची आठवण येते." संध्याकाळी पुन्हा अनोळखी.

आश्रमात अ‍ॅक्टिव्हिटी असते. हा शब्द मी इथंच शिकले. फुगा एकमेकींकडे ढकलायचा. कागदाची फुलं करायची. टाळ्या वाजवायच्या, कुणी सांगेपर्यंत. कधीमधी सहल. सहल म्हणजे देऊळ, बाग, एकदा बोईसरचं गार हवेचं मोठं दुकान. तिथं आम्हाला दारापाशी खुर्च्यांवर बसवून परत आणलं.

मी दर वेळी एकच मागायचे. दर्या. इथून फार लांब नाही तो. पश्चिमेचा वारा सुटला की मला खाटेवर कळतं, भरती आहे की ओहोटी. पण दोन पावसाळे झाले, डोळ्यांनी बघितला नव्हता. "रिस्क असते आजी," मॅनेजर बाई म्हणायच्या.

मग पौषात एक दिवस त्याच बाई हसत आल्या. म्हणाल्या, "आजी, या वेळी समुद्र. खास तुमच्यासाठी." कारखानदारांच्या बायकांचं एक मंडळ सगळा खर्च करणार होतं. बस, जेवण, मांडव, सगळं त्यांचं.

मी खुळी. त्या आनंदात मला नीट झोप लागेना. पाय पाण्यात घालायचे, एवढंच मनात. लहान पोरीसारखी नानीला सांगत सुटले. तीही खूश होती, वरवर दाखवत नव्हती एवढंच.

केळव्याच्या वाळूवर मांडव घातला होता. आमच्या खुर्च्या मात्र दर्याकडे पाठ करून मांडलेल्या. फोटोत मागे समुद्र यायला हवा, म्हणून. मागून लाटांचा आवाज येत होता आणि मान वळवली की फोटोवाला ओरडायचा, "आजी, इकडे बघा, इकडे!" दर्यावर न्यायचं आणि दर्या दाखवायचा नाही. आंधळ्याला आरसा तसा प्रकार.

मग ते सॅटिनचं लुगडं आलं. शिवलेलं, मागे चिकटपट्टी. माझ्या झग्यावरूनच चढवलं. माझं खरं लुगडं ट्रंकेत कोंडलेलं आणि भाड्याचं अंगावर. माझे पाय माझ्या लुगड्यात दिसले तर लाज, त्यांच्या लुगड्यात दिसले तर संस्कृती. कपाळाला मळवट, नाकात टोचणारी खोटी नथ, डोक्यावर ती पापलेटं.

तरी मी गप्प होते. म्हटलं, होऊ दे यांचा खेळ. संपला की पाय भिजवू.

तेवढ्यात मंडळाच्या त्या पाहुण्या बाईंनी नारळ आणला. सोनेरी कागद लावलेला. हातात घेतला तर हलका. तोही थर्माकोलचा.

"आपली थीम आहे नारळी पौर्णिमा," त्या म्हणाल्या. "तुम्ही समुद्रापाशी जायचं, नारळ टाकायची अ‍ॅक्शन करायची. टाकायचा नाही हं! भाड्याचा आहे, परत द्यायचाय."

"बाई, हा पौष हाय," मी म्हटलं. "नारळी पुनव श्रावणात. आता बोटी बाहेर हायत."

"श्रावणात पाऊस असतो ना आजी! तेव्हा कसं जमणार?"

पुन्हा हसू. जसं काही मीच येडी.

माझ्या हातात तो हलका नारळ. आमच्या घरी नवरा होता तोवर नारळ तो सोडायचा. तो गेल्यावर मी सोडत आले, पोरगा बोटीवर जात नसला तरी. गावातल्या पोरांच्या बोटी तर जात होत्या. गुडघाभर पाण्यात उभं राहून दर्याला सांगायचं, बाबा, शांत हो, आमची माणसं तुझ्या पोटात चाललीत, परत दे. ते काही नाटक नसतं. त्या वेळी काठावरची प्रत्येक बाई आतून घाबरलेली असते. हात जोडते ती भीतीनं जोडते. आणि या मला सांगत होत्या, अ‍ॅक्शन कर, टाकू नकोस, भाड्याचा आहे.

म्हातारपणात एवढा राग उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मी नाय करत," मी म्हटलं.

"अहो, दोन मिनिटं फक्त."

"आमी दर्याशी खोटं वागत नाय."

नानी मागून हळूच म्हणाली, "जाऊ दे गो. दोन मिनिटांचा खेळ हाय. यांच्यामुळं तर आलो."

मी टोपली खाली ठेवली. पाठीमागची चिकटपट्टी ओढली. चर्रकन आवाज झाला. सॅटिनचं लुगडं वाळूत पडलं. नथ काढली, खोटा नारळ खुर्चीवर ठेवला. मग काठी टेकत वळले आणि पाण्याकडे चालू लागले.

"आजी, थांबा! तुम्ही पडाल!" मॅनेजर बाई ओरडल्या. मी थांबले नाही. झगा भिजला. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. गार. खारट वास थेट डोक्यात गेला. काठी ओल्या वाळूत रोवून सोडली; दोन्ही हात मोकळे, त्यात काहीच नव्हतं. मी रडले. हो, रडले. आनंदानं नव्हे, एवढं साधं पाणी मला भांडून घ्यावं लागलं म्हणून.

आश्रमात कामाला असलेल्या दोघींनी धरून मला परत आणलं. पाहुण्यांसमोर मॅनेजर बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही दमलात, चला बसा." बसमागे नेल्यावर म्हणाल्या, "तुला काही कळतं का गं? लोक फुकट करतात आणि तू त्यांच्या तोंडावर फेकतेस?" पाहुण्यांसमोर तुम्ही, बसमागे तू.

जेवायला आम्हाला डब्यात पुलाव दिला. पाहुण्या शेजारच्या रिसॉर्टच्या आतल्या खोलीत जेवल्या. खिडकीतून तळलेल्या सुरमईचा वास आला. नानीनं डोळे मिटून घेतले. तिच्या डब्यातला घास तसाच हातात राहिला.

दोन दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं. मुलालाही बोलावलं होतं. तो कारखान्याच्या कपड्यांतच आलेला, मान खाली.

"मंडळाच्या बाई नाराज आहेत," मॅनेजर बाई म्हणाल्या. "मोबाईलच्या व्हिडिओत सॉरी म्हण, मी त्यांना पाठवते. नाहीतर तुझ्या सहली बंद."

"आये, म्हण ना," मुलगा म्हणाला. "इथून काढलं तर तुला ठेवू कुठं मी?"

त्याच्या आवाजात लाचारी होती. ती ऐकून मला माझी पहिली लाचारी आठवली, ट्रंक देताना मी काहीच बोलले नव्हते ती.

"म्हणते," मी म्हटलं. "पण माझं लुगडं नेसून. ट्रंक काढा."

बाई खूश झाल्या. त्यांना वाटलं, व्हिडिओत बरं दिसेल. ट्रंक उघडली. हिरवं लुगडं, कडेला थोडं विटलेलं. कंबर वाकत नाही तरी भिंतीला टेकून मी एकटीनं नेसले. काष्टा घट्ट घातला. खुर्चीवर बसले. बाईंनी मोबाईल समोर धरला.

मी मोबाईलकडे बघून म्हटलं, "बाई, तुमी जेवण दिलं, गाडी दिली. पोटाला बरं वाटलं. पण माझी सोंगं काढून तुमी करमणूक केली. त्याची माफी तुमी मागायची, मी नाय. आन हे लुगडं आता मी उतरवणार नाय."

बाईंनी मोबाईल खाली केला. जाताना मुलानं माझ्या पायांना हात लावला.

त्यांनी मला काढलं नाही. सहली बंद केल्या. बस निघते तेव्हा मी व्हरांड्यात बसलेली असते, लुगड्यात. झगा घडी करून मी मॅनेजर बाईंच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा माझ्या खाटेवर आला. मी पुन्हा नेऊन ठेवला. हे रोज चालतं. नानी आता चारचौघींतही माझ्याशी बोलते, पण बसमध्ये जाऊन बसतेच. तिचा राग नाही मला. भूक तिलाही आहे.

आता आषाढ सरत आलाय. मागच्या रविवारी मुलगा आला तेव्हा नारळ मागवला, शेंडीचा, पाणी वाजणारा. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. नारळ माझ्या खाटेखाली आहे.

श्रावणातल्या पुनवेला मी सकाळी रिक्षा बोलावणार आणि दातिवऱ्याला जाणार. कुणाला विचारणार नाही. पाऊस असेल तर भिजेन, कंबर दुखली तर दुखू दे. ज्याला अडवायचं असेल त्यानं त्या दिवशी फाटकात येऊन उभं राहावं. कोळीण कशी भांडते ते त्याला बघायला मिळेल.