वाय की एन

वडिलांची नजर काचबिंदूनं गेली, पण एकदम गेली नाही. आधी डावा डोळा, मग उजव्याच्या कडा आणि शेवटी मधला नाण्याएवढा उजेड. टेंभुर्णीच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर वाचायची म्हणून बाजूला काढलेली पुस्तकं बाजूलाच राहिली.

मी जालन्यात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. जुना पण दणकट असा एक कॉम्प्युटर मी गावी नेला आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, कारण त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय आयती मिळते. तिचा मराठी आवाज माणसाचा वाटत नाही. डब्यात तोंड घालून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. वडिलांनी एक पान ऐकलं आणि म्हणाले, "उच्चार बराबर आहेत. बाकी चालतं."

आठवड्यातून एकदा सगळी पॅकेजेस, म्हणजे मशीनमधले लहानमोठे प्रोग्राम, अपडेट करायची, एवढं मी त्यांना सांगितलं होतं. ते रोज करायचे. आंघोळ, चहा, मग टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायचं, कमांड द्यायची, पासवर्ड टाकायचा. नवीन आलेल्या पॅकेजेसची यादी मशीन वाचायचं आणि वडील ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे, मान हलवत, हजेरी घेतल्यासारखी. बरीच नावं 'लिब' नं सुरू होतात. "ही लिब मंडळी फार आहेत," असं ते एकदा मला म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

एका मंगळवारी दुपारी आईचा फोन आला.

"अरे, ते मशीन बोलंना झालंय. अन् हे बी बोलून न्हाई राह्यले."

मी वडिलांना फोन द्यायला सांगितलं.

"सकाळी अपडेट केलं," ते म्हणाले. "बंद करून चालू केलं. तवापासून मुकं आहे."

"अपडेट करताना मधी काही विचारलं का त्यानं?"

"विचारलं. एक फाइल तुमच्याकडं बदललेली दिसते, आमची नवी घ्यायची असेल तर वाय, तुमचीच ठेवायची असेल तर एन. मी तर कुठली फाइल बदलली न्हाई. मंग म्हणलं, ज्यानं बनवलं त्याला जास्त कळतं. वाय दाबला."

"बाबा, मला विचारल्याशिवाय वाय कशाला दाबायचा?"

आईनं फोन परत घेतला. माझी परीक्षेची ड्यूटी सुरू होती, रविवारी येतो असं सांगून मी ठेवून दिला.

शुक्रवारी पर्यवेक्षण करताना मला आठवलं. तीन तास नुसतं उभं राहिलं की माणसाला बरंच काही आठवतं. त्या कॉम्प्युटरची आवाजाची मूळ पिन खराब होती, म्हणून मी यूएसबीवर चालणारा वेगळा स्पीकर लावला होता आणि आवाज तिकडं जावा यासाठी एका फाइलमध्ये हातानं दोन ओळी बदलल्या होत्या. ती फाइल बदलणारा मीच होतो. वडिलांना सांगायचं राहून गेलं होतं. नव्या फाइलनं आवाज पुन्हा खराब पिनेकडं पाठवला होता. मशीन चार दिवस बोलतच होतं, फक्त ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

पेपर संपल्यावर मी घरी फोन लावला. जुनी फाइल पुसली जात नाही, तिथंच दुसऱ्या नावानं ठेवलेली असते, ती परत जागेवर आणली की झालं, असं आईला सांगितलं. रविवारी आल्यावर करतो, म्हणालो.

"रविवार कशाला? आत्ता सांग. मी वाचते, हे दाबतेत."

आई सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला येतात, शब्द येत नाहीत. वडिलांना शब्द येतात, अक्षरं दिसत नाहीत. दोघं शेजारी बसले आणि फोन मध्ये ठेवला. मी सांगितलेली कमांड वडिलांनी अंदाजानं टाइप केली. यादी आली. आई एकेक अक्षर वाचू लागली.

"अक्षर सोडू नको," वडील म्हणाले. "तिथं टिंब आहे का?"

"टिंब हाय का माशीची घाण, पुसून बघते." थोडा वेळ गेला. "टिंबच हाय."

नावाच्या शेवटी ओ, एल, डी सापडलं. ती जुनी फाइल. मग फाइल जागेवर आणायची लांबलचक कमांड. वडिलांनी टाइप केली, आईनं वाचून दाखवली.

"तुम्ही ओच्या जागी पी दाबलाय."

"असं होणार न्हाई."

"मंग तुम्हीच वाचा."

चाळीस वर्षांच्या संसारात आईनं त्यांची शुद्धलेखनाची चूक पहिल्यांदाच काढली असावी. मग बटण दाबल्याचा आवाज आला. एकेक अक्षर मागं जात होतं.

मशीन बंद करून चालू केलं. मिनिटभरानं डब्यातला तो आवाज मला जालन्यात ऐकू आला.

"बोललं," आई म्हणाली.

"बाबा," मी म्हणालो, "ती फाइल मीच बदललेली होती. तुम्हाला सांगितलं न्हाई. तुमचा वाय बरोबरच होता."

"म्हणजे माझी चूक न्हवती?"

"बिलकुल न्हाई."

"चार दिवस मी माझीच धरून बसलो होतो," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता.

रविवारी मी गेलो आणि त्या दोन ओळी वडिलांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवल्या, म्हणजे अपडेट त्यांना हात लावणार नाही. कुठं काय बदललंय ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते मलाच दोनदा म्हणायला लावलं.

आता अपडेट आठवड्यातून एकदाच होतं, भाकरी झाल्यावर, कारण आईला तेव्हा वेळ असतो. आवाज असला तरी ती शेजारी बसते. मशीन वाचतं ते पडद्यावर खरंच तसं आहे का, हे ती बघते. परवा तिचा फोन आला.

"दोन पॅकेज मागं ठेवलेत म्हणून राह्यलंय. बिचाऱ्यांनी असं काय केलं?"

"काही न्हाई केलं, आई. त्यांच्या सोबतची मंडळी अजून आली न्हाईत, म्हणून थांबवलेत."

"असं होय," ती म्हणाली, आणि वडिलांना ओरडून सांगितलं, "अहो, राहू द्या. येतील सगळे मिळून."