देव खाली उतरवून

माळावर हौशी ट्रकवाल्यांची शर्यत होती. प्लास्टिकचे शंकू मांडून आखलेल्या वळणांतून एकेकानं ट्रक काढायचा. आमचे शेजारी सदाभाऊ एरवी काचेचा माल वाहतात, खड्ड्याखड्ड्याला जपून. निघताना त्यांनी डॅशबोर्डवरची तसबीर काढून माझ्या हातात दिली.

"धरा जरा. देवाला हे दाखवायचं नाही."

मग ट्रक पिसाळला. शंकू चिरडत असा वळला की एका बाजूची चाकं जमिनीवरून सुटली. रोजच्या जपून वागण्याखाली माणसात काय साठत जातं, कोण जाणे. कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडत होतं, "होऊ दे आडवा!" आवाज माझाच होता.

ट्रक सावरला. सदाभाऊ घाम पुसत आले. "द्या माझा देव."

तसबीर पुढे केली, तेव्हा दिसलं. माझ्या अंगठ्याखाली काच तडकली होती.