टाचणीमावशींच्या घराचा वास

धुळीचं वादळ थांबलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. उन्हाला जुन्या कागदाचा रंग आला होता आणि रस्ता अजून झोपेत असल्यासारखा पुसट दिसत होता. मी दुधाखालचा गॅस बारीक केला आणि टेबलावर बोटाने रेघ ओढून पाहिली. नवरा चष्म्यावर फुंकर मारत म्हणाला, "जग धूसर झालंय, की माझं वय?"

"दोन्ही," मी म्हटलं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात टाचणीमावशी उभ्या होत्या. खालच्या मजल्यावर एकट्याच राहतात. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले. ओठांत कायम टाचण्या, म्हणून हे नाव पडलं. तेव्हा त्या "वळा", "हात वर" याच्या पलीकडे बोलत नसत. आता नजर थकली, मशीन कायमचं झाकलं गेलं आणि इतकी वर्षं ओठांमागे अडकलेलं सगळं बोलणं बाहेर येऊ लागलं.

"चल गं खाली. तुझं नाक हवंय."

"नाक?"

"माझं आहे की, पण नुसतं चष्मा टेकवायला." मागे एका तापात त्यांना वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही.

जिना उतरता उतरता त्यांनी सगळं सांगितलं. संध्याकाळी लेक येणार होती, नातवाला घेऊन. पोराला दम्याचा त्रास. गेल्या वेळी असंच वादळ होऊन गेलं होतं; आल्या आल्या त्याची छाती वाजायला लागली आणि दोघं चहा न घेताच परत गेली. "आई, घरात कुबट वास येतो," असं लेक दारातून म्हणाली, तर या तिच्यावरच चिडल्या. "आता म्हणते, या खेपेला त्रास झाला तर पुन्हा आणणार नाही. मी समोरच्या बाईंना विचारलं, जाऊबाईंना विचारलं. सगळ्यांचं एकच, छे, कसला वास! माझ्या खुर्चीत बसून माझा चहा पिताना खरं कोण सांगणार?"

घर लख्ख होतं. फरशी पुसलेली, खिडक्या घट्ट लावलेल्या. मी डोळे मिटले.

आधी मशीनच्या तेलाचा वास आला. मग खडूचा, मग इस्त्रीखालच्या गरम सुती कापडाचा. मी लहानपणच्या एखाद्या दुपारीत उतरते आहे, कुणीतरी माझ्या खांद्याचं माप घेतंय, असं वाटलं. त्या सगळ्याच्या खाली आणखी एक वास होता, भिजून तसाच राहिलेल्या रद्दीसारखा. भिंतीला हात लावत मी त्याच्या मागे निघाले. मावशी माझं कोपर धरून चालत होत्या. आम्ही दोघी पाण्याखालून चालल्यासारख्या हळू चाललो होतो.

खिडकीशी थांबले. डोळे उघडले. चौकटीच्या फटींत चिंध्या ठासून भरल्या होत्या.

"धूळ येऊ नये म्हणून," मावशी म्हणाल्या. "वर रोज पाणी शिंपडते. ओल्या कापडाला धूळ चिकटते ना?"

चिंध्यांखाली भिंत बुरशीने काळी ठिपकेदार झाली होती. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, निकाल लागायच्या दिवशी मुली बघतात तशा.

"इथे आहे, मावशी. कुबट. खूप."

"अगदी?"

"अगदी."

मावशींनी मी दिलेला रुमाल नाकातोंडाला बांधला आणि कात्रीच्या टोकाने चिंध्या उपसायला लागल्या. "ही तुझ्या झंपराची. हा डॉक्टरीणबाईंचा पडदा, मेलीने तीनदा उसवायला लावला." मग पिवळ्या फुलांची एक चिंधी हाती आली. लेकीच्या पहिल्या फ्रॉकची. रुमाल खाली करून त्यांनी सवयीने ती नाकाशी नेली, मग माझ्यापुढे धरली.

"तिचा वास येतो का गं थोडा?"

"नाही मावशी. नुसता कुबट."

"मग जाऊ दे," म्हणत त्यांनी ती पिशवीत टाकली.

आम्ही खिडक्या सताड उघडल्या, साबणाच्या पाण्याने भिंत घासली, पंखा तिच्याकडे वळवला. दुपारी मी पुन्हा वास घेतला.

"कमी झालाय. गेला नाही."

मावशींनी फोन उचलला. "आज नको आणूस त्याला. तू खरं म्हणत होतीस, घराला वास आहे. भिंत ओली आहे अजून. वाळली की मीच बोलावते." पलीकडून लेक काहीतरी बोलली आणि मावशी हसल्या, डोळे पुसत. "भिंत वाळेपर्यंत थांबेन म्हणाली."

मी निघाले, तर त्या दारापर्यंत आल्या.

"रोज सकाळी खाली येशील? वास घे आणि आहे तसं सांग. मला वाईट वाटलं तरी सांग."