गॅरेजमधलं गुऱ्हाळ

माझा नवरा गुळव्याचा मुलगा. लग्न ठरवताना हे सांगितलं होतं, पण न्यू जर्सीत त्याचा काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं. सासरे, म्हणजे आबा, कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायचे. काहील, म्हणजे रसाची भलीमोठी कढई, कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो, आणि त्यासाठी आबांना आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं.

एका ऑक्टोबरात आबा गेले. त्याआधी तीन आठवडे, त्यांनी अंथरूण धरलंय अशी तार आली होती. आमचे ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा अर्ध्यात होते. वकील म्हणाला, आता देश सोडलात तर सगळं पहिल्यापासून. मी नवऱ्याला म्हणाले, थांब. तो थांबला, आबा गेले, आणि त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. ऑफिसला जायचा, यायचा, समोर येईल ते जेवायचा. आईंना पत्र लिहायचा, फोन मात्र करायचा नाही. माझ्याशी भांडलासुद्धा नाही. अरे बाबा, भांड की! तू अडवलंस म्हण, मी चार शब्द ऐकवीन, चार ऐकून घेईन, दोघंही मोकळे होऊ. पण छे. हा मनातल्या मनात मलाच दोष देतोय, या विचारानं मला जेवण गोड लागेना.

फेब्रुवारीत शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्याला सांगितलं की तुमच्या मागच्या अंगणातली तीन झाडं मेपलची आहेत. रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं अशा हवेत खोडाला भोक पाडून तोटी ठोकली की रस गळतो, आणि तो आटवला की पाक होतो. रस आटवायचा म्हटल्यावर हा खुर्चीतून उठला आणि ड्रिल शोधायला लागला.

पहिला प्रयोग माझ्या किचनमध्ये झाला. वाफेनं भिंतीवरचा वॉलपेपर सुटून लोंबायला लागला, तशी मी त्याला भांड्यासकट बाहेर काढलं. मग गाडी गेली बर्फात आणि गॅरेजमध्ये गुऱ्हाळ आलं. विटा रचल्या, त्यात गॅसच्या दोन शेगड्या, वर हॉटेलवाल्यांच्या दुकानातून आणलेलं पसरट पातेलं. वाफ जायला दार अर्धं उघडं. थंडीनं माझी बोटं वाकडी व्हायची, पण खरं सांगते, मी खूष होते. माणूस बोलायला लागला होता. झारा दे, आच कमी कर, एवढंच, पण बोलत होता. मी त्याला "काय गुळवे?" म्हणायची आणि तो चक्क हसायचा.

लायब्ररीतून मी पुस्तक आणलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रसात काहीही घालायचं नाही. तो म्हणाला, पुस्तक ठेव, आबा भेंडी घालायचे. उसाच्या रसातली मळी वर यावी म्हणून गुऱ्हाळावर भेंडीचा चिकट रस आणि चुना घालतात. पण हा मेपलचा रस पाण्यासारखा नितळ, त्यात मळी कुठली? तसं म्हटलं तर म्हणाला, तुला काय कळतंय गुऱ्हाळातलं? मला ओरडला याचाही मला आनंदच झाला, म्हणून गप्प बसले. त्याला पाक नकोच होता, गुळाची ढेप पाडायची होती. इंडियन स्टोअरमधली फ्रोझन भेंडी त्यानं पाण्यात कुस्करली, ते बुळबुळीत पाणी पातेल्यात ओतलं, वर पानाचा चुना, मग थोडा आणखी.

आठवडाभर साठवलेला रस शनिवारी सकाळपासून उकळत होता. संध्याकाळी पातेल्याच्या तळाशी काळपट, तार सुटणारं काहीतरी उरलं. जिभेला लावलं तर कडू. सगळं मुसळ केरात. तो झारा धरून बघत राहिला.

"किती घालायचं ते मला माहीतच नाही," तो म्हणाला. "आबा मला काहिलीजवळ उभंच करायचे नाहीत. म्हणायचे, तू शीक, हे तुझं काम नव्हे. मी बांधावरून बघायचो."

रविवारी सकाळी त्यानं आपण होऊन गावाकडे फोन लावला. फोन शेजारच्या घरी, त्यामुळे आईंना बोलवायला सांगून थोड्या वेळानं पुन्हा लावावा लागला. त्या फोनवर नेहमी ओरडूनच बोलायच्या, बाजूला उभं राहून मला सगळं ऐकू येत होतं. यानं ना ख्यालीखुशाली विचारली, ना काही. एका काहिलीला भेंडी किती, चुना किती, एवढंच.

"मला काय ठावं रे?" आई म्हणाल्या. "माप त्यांचं त्यांनाच ठावं. तू येशील, तुला सांगायचं, म्हणून शेवटाला वाट बघत हुतं ते."

 तो म्हणाला, "आई, कागदांचं निमित्त होतं. मला यायचंच नव्हतं. त्यांना तसं पडलेलं बघायची भीती वाटली मला."

मी तिथंच उभी होते. चार महिने मी स्वतःला खात होते, आणि माझं ते 'थांब' याला हवंच होतं! इतका राग आला की रिसीव्हर ओढून आपटावासा वाटला. मग त्याच्याकडे बघितलं. पलीकडून आई हॅलो, हॅलो करत होत्या. मी रिसीव्हर घेतला.

"आई," मी म्हणाले, "तो रडतोय."